यील्ड १२७ टक्के? कुठेतरी पाणी मुरतंय

अ‍ॅस्पिरिनचं प्रॅक्टिकल झालं की जर्नलांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो, आणि त्यात दोन-चार जणांचं यील्ड (जेवढं मिळू शकतं त्याच्या किती टक्के हाती आलं, तो आकडा) हमखास शंभराच्या वर असतं. या खेपेला एकीचं १२७ टक्के निघालं. तिने आकड्याखाली लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. "सर, सगळ्यांत जास्त माझंच आलंय." तिच्या शेजारच्याचं १२८ होतं, पण त्याने ते पेन्सिलने लिहिलं होतं. त्याला शंका आली असावी.

दोघांचे आकडे जवळपास सारखे, दोघांच्या चुका मात्र पूर्ण वेगळ्या. तिचा हिशेब बरोबर होता आणि पदार्थ ओला होता. त्याचा पदार्थ कोरडा होता आणि हिशेबात घोळ होता. यील्ड गडबडलं की बहुतेक जण लगेच "प्रॉडक्ट ओलं असेल" म्हणून मोकळे होतात, ते मला म्हणूनच पटत नाही. यील्ड हा अपूर्णांक आहे: वर हातात आलेलं वजन, खाली जास्तीत जास्त मिळू शकणारं वजन. माझा क्रम ठरलेला आहे. आधी छेद तपासायचा, मग अंश. छेद कागदावर असतो. तो पाच मिनिटांत तपासून होतो आणि त्यासाठी एक कणही खर्च होत नाही. अंश तपासायला मात्र एक रात्र जाऊ शकते.

छेदाचा ताळा

हे प्रॅक्टिकल घेऊनच हिशेब पाहू. सॅलिसिलिक अ‍ॅसिड २.०० ग्रॅम, अ‍ॅसिटिक अनहायड्राइड ५.० मिली, संहत सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे पाच थेंब. समीकरण एकास एक आहे: एक मोल (रेणू मोजायचं एकक) सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि एक मोल अनहायड्राइड मिळून एक मोल अ‍ॅस्पिरिन आणि एक मोल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा रेणुभार १३८.१२. म्हणजे २.०० ÷ १३८.१२ = ०.०१४४८ मोल.

अनहायड्राइड द्रव आहे, म्हणून आधी मिलीचे ग्रॅम करायचे. घनता १.०८, त्यामुळे ५.० मिली म्हणजे ५.४ ग्रॅम. रेणुभार १०२.०९, म्हणजे ०.०५२९ मोल. गरजेच्या साडेतीन पटींहून जास्त. सॅलिसिलिक अ‍ॅसिड आधी संपणार, म्हणून लिमिटिंग रिएजंट तेच.

अ‍ॅस्पिरिनचा रेणुभार १८०.१६. ०.०१४४८ × १८०.१६ = २.६१ ग्रॅम. हा आपला छेद. रासायनिक क्रिया शंभर टक्के झाली, एक कणही काचेला चिकटला नाही, तरी २.६१ च्या वर अ‍ॅस्पिरिन मिळणं शक्य नाही.

शेजारच्या मुलाने ०.०१४४८ हा आकडा मध्येच ०.०१ करून टाकला होता. "दोन दशांश स्थळं घ्यायची ना, सर?" दोन दशांश स्थळं घेतली की दोन सार्थ अंक राहतात असा त्याचा समज होता. इथे तर एकच उरला. ०.०१ ला १८०.१६ ने गुणलं की छेद १.८० ग्रॅम होतो. त्याचं वाळलेलं अ‍ॅस्पिरिन २.३१ ग्रॅम होतं. २.३१ ÷ १.८० म्हणजे १२८ टक्के. खरं यील्ड ८८.५. मधल्या पायऱ्यांवर आकडे छाटू नका, कॅल्क्युलेटरमध्ये जसे आहेत तसे पुढे न्या आणि शेवटी एकदाच छाटा. आणि छाटायचं म्हणजे खरंच छाटायचं. ८८.५०५७४७१ टक्के असंही लिहून आणतात. त्या बिचाऱ्या तराजूला इतकं कुठलं दिसायला!

चुकीचा आकडाच चूक सांगतो

छेद नव्याने काढून झाला की चुकीच्या यील्डला बरोबर यील्डने भागा. येणारी पट पुष्कळदा चुकीचं नावच सांगते. मला तर आता ही पट पाहूनच बऱ्याचदा कळतं की पोराने काय केलं असणार.

समजा पट १.३० आली. १८०.१६ ÷ १३८.१२ करून पाहा, बरोबर १.३० येतं. म्हणजे मोल काढलेच नाहीत, प्रॉडक्टचे ग्रॅम थेट सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या ग्रॅमने भागले. २.३१ ÷ २.०० = ११५.५ टक्के. ही चूक सर्वांत जास्त होते आणि इथे निदान शंभराच्या वर जाऊन ओरडून तरी सांगते. प्रॉडक्टचा रेणुभार सुरुवातीच्या पदार्थापेक्षा कमी असेल तर हीच चूक गुपचूप निघून जाते. एथिल बेंझोएटचं हायड्रोलिसिस करून बेंझॉइक अ‍ॅसिड काढताना रेणुभार १५०.१७ वरून १२२.१२ वर येतो. ५.०० ग्रॅम एथिल बेंझोएटपासून जास्तीत जास्त ४.०७ ग्रॅम आम्ल. ३.५० ग्रॅम मिळालं तर खरं यील्ड ८६ टक्के, पण ग्रॅमला ग्रॅमने भागणारा ७० लिहितो, त्याला ते अगदी "बरं" वाटतं आणि तो पुढच्या प्रयोगाला लागतो. शंभराच्या आतला आकडा म्हणजे बरोबर आकडा, असं धरून चालू नका.

११३ टक्के आलं असेल तर भागाकार उलटा झालाय: २.६१ ÷ २.३१. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

२८५ टक्के? हेही पाहिलंय. सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे पाच थेंब म्हणजे साधारण पाव मिली. संहत आम्ल १८ मोलर (लिटरमध्ये १८ मोल) धरलं तर ०.००४५ मोल. तिन्ही पदार्थांचे मोल काढून त्यांतला सर्वांत लहान आकडा निवडला की लिमिटिंग रिएजंट म्हणून कॅटलिस्टचीच निवड होते, छेद ०.८१ ग्रॅमवर येतो आणि यील्ड तिपटीच्या घरात जातं. कॅटलिस्ट क्रियेत खर्च होत नाही, त्याला या स्पर्धेत उभंच करायचं नाही. सॉल्व्हंटचंही तेच.

पट साधारण हजाराची असेल तर मिली आणि लिटरची गल्लत शोधा. ०.५ मोलर द्रावणाचे २५ मिली म्हणजे ०.०१२५ मोल, १२.५ नव्हे.

सर्वांत "कमी" तेच लिमिटिंग?

ही खोड जरा खोलवर रुतलेली आहे, म्हणून इथे थांबतो. एकास एक समीकरणांची सवय झाली की "ज्याचे मोल कमी, ते लिमिटिंग" हे डोक्यात पक्कं बसतं. मग डायबेंझल अ‍ॅसिटोन करायची वेळ येते, जिथे बेंझाल्डिहाइडचे दोन मोल आणि अ‍ॅसिटोनचा एक लागतो.

एकाने २.० मिली बेंझाल्डिहाइड घेतलं होतं. घनता १.०४४, रेणुभार १०६.१२, म्हणजे ०.०१९७ मोल. त्याला जोडीला अ‍ॅसिटोन ०.७ मिलीच्या आसपास लागतं. याच्याकडून १.० मिली पडलं. घनता ०.७९, रेणुभार ५८.०८, म्हणजे ०.०१३६ मोल. ०.०१३६ हे ०.०१९७ पेक्षा लहान, म्हणून त्याने अ‍ॅसिटोनला लिमिटिंग ठरवलं. छेद आला ३.१९ ग्रॅम. मिळालेलं वजन १.६२ ग्रॅम, यील्ड ५१ टक्के. आठवडाभर तो ढवळणं कमी पडलं का, सोडियम हायड्रॉक्साइड जुनं होतं का, याच विचारात.

मोल काढल्यावर प्रत्येकाला समीकरणातल्या त्याच्या सहगुणकाने भागायचं, मग तुलना करायची. बेंझाल्डिहाइड: ०.०१९७ ÷ २ = ०.००९८. अ‍ॅसिटोन: ०.०१३६ ÷ १ = ०.०१३६. लहान आकडा बेंझाल्डिहाइडचा. प्रॉडक्टचा रेणुभार २३४.२९, त्यामुळे छेद २.३१ ग्रॅम (अ‍ॅस्पिरिनच्या वजनाशी जुळतोय, तो निव्वळ योगायोग) आणि यील्ड ७० टक्के. शिवाय जास्तीचं अ‍ॅसिटोन निरुपद्रवी नसतं. ते जास्त झालं की एकाच बाजूने जोडलेलं बेंझल अ‍ॅसिटोनही होतं आणि तेवढं प्रॉडक्ट कमी पडतं. म्हणजे त्याची खरी चूक अ‍ॅसिटोन मोजताना झाली होती, ढवळण्यात नव्हे.

याच प्रयोगात मिलीला ग्रॅम समजण्याची चूक किती महागात पडते तेही दिसतं. बेंझाल्डिहाइडच्या बाबतीत फरक जेमतेम ४ टक्के, लक्षातही येत नाही. अ‍ॅसिटोनच्या बाबतीत २७ टक्के. "मागच्या वेळी चाललं होतं" याचं कारण एवढंच, की मागच्या वेळचा द्रव पाण्याइतका जड होता.

बाटलीवरचं लेबल नीट वाचा

संहत नायट्रिक अ‍ॅसिड १० मिली घेतलं, घनता १.४२, म्हणून १४.२ ग्रॅम, असं लिहिलेलं असतं. पण ते आम्ल वजनाने ७० टक्के असतं. खरं नायट्रिक अ‍ॅसिड ९.९ ग्रॅम, म्हणजे ०.१५८ मोल, ०.२२५ नव्हे. आम्ल भरपूर जास्त घेतलेलं असलं की ही चूक झाकून जाते आणि ज्या दिवशी तेच लिमिटिंग असतं त्या दिवशी बाहेर पडते.

स्फटिकजल हा दुसरा सापळा. अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यांपासून तुरटी करताना १.०० ग्रॅम धातूपासून थिअरॉटिकल यील्ड (म्हणजे आपला छेद) १७.६ ग्रॅम निघतं, कारण तुरटीच्या स्फटिकात पाण्याचे बारा रेणू असतात आणि रेणुभार ४७४.४ होतो. पाणी विसरून २५८.२ धरला तर छेद ९.५७ ग्रॅम होतो. हातात १३.२ ग्रॅम आलेली तुरटी मग ७५ टक्क्यांऐवजी १३८ टक्के दिसते. पट १.८४. मोरचूदचं असंच: पाण्याविना १५९.६ की पाण्यासकट २४९.७? पट १.५६. कॅल्क्युलेटरवर यांपैकी एखादी पट दिसली की आधी रेणुभाराकडे बोट दाखवा.

बाटली जुनी असेल तर तोही मुद्दा आहे. बेंझाल्डिहाइडच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसतं ना, ते बेंझॉइक अ‍ॅसिड. हवेतल्या ऑक्सिजनने ते होतं. तुम्ही मोजलेल्या दोन मिलीत तितकं बेंझाल्डिहाइड कमी, आणि वर ते आम्ल तुमचं सोडियम हायड्रॉक्साइडही खाऊन टाकतं. हिशेब अचूक असला तरी छेद फुगलेलाच राहतो.

छेद बरोबर निघाला. आता तराजूकडे

पुन्हा १२७ टक्केवालीकडे येतो. तिचा छेद २.६१, अगदी बरोबर. गाळायच्या बुकनर फनेलवरून उचलून तिने वजन केलं होतं ३.३२ ग्रॅम. मी वॉच ग्लास (काचेची उथळ बशी) हातात घेतला. चमच्याने स्फटिक दाबले तर काचेवर ओलसर कडा उमटली, आणि चमच्याला पदार्थ खडूच्या ओल्या भुकटीसारखा लिंपून राहिला. वाळलेले स्फटिक सुटे असतात, वॉच ग्लास तिरका केला की घसरतात.

दुसऱ्या दिवशी डेसिकेटरमधून (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यातून) काढून वजन केलं: २.३८. पुन्हा आत ठेवलं, दुपारी २.३१. आणखी दोन तासांनी २.३१. वजन हलायचं थांबलं, तेव्हा ते खरं. लागोपाठची दोन वजनं जुळेपर्यंत यील्ड काढायचंच नाही, हा नियम मी आता फळ्यावर लिहून ठेवतो. तिच्या ३.३२ ग्रॅममध्ये एक ग्रॅम नुसतं पाणी होतं. (आणि तिच्या शेजाऱ्याचंही २.३१ च. दोघं एकाच बेंचवर, एकाच बाटल्यांतून काम करत होते.)

घाई आहे म्हणून ओव्हनचा काटा फिरवू नका. ओलं अ‍ॅस्पिरिन गरम केलं की थोडंथोडं परत सॅलिसिलिक अ‍ॅसिडकडे जातं. तुरटी तर नव्वदीच्या घरात स्वतःच्याच स्फटिकजलात विरघळून बसते. मोरचूदचं निळं फिकं पडायला लागलं तर समजा की वाळवताना ओलावाच नाही, स्फटिकातलं पाणीही गेलं. तिथे यील्ड उलट कमी दिसतं. अ‍ॅस्पिरिन किंवा तुरटीसारख्या पदार्थांना कोरडी हवा, डेसिकेटर आणि वेळ बरी.

मग फिल्टर पेपर. सात सेंटीमीटर व्यासाचा साधा कागद ०.३ ग्रॅमच्या आसपास भरतो. २.६१ च्या तुलनेत ते ११-१२ टक्के झाले. कागदासकट वजन करून कागद वजा करायला विसरणारे असतात, आणि कोरड्या कागदाचं वजन ओल्या कागदातून वजा करणारेही. सोपं म्हणजे रिकाम्या वॉच ग्लासचं वजन आधी लिहून ठेवा आणि वाळलेला पदार्थ कागदावरून त्यावर घ्या. जर्नलमध्ये फक्त "वजन = २.३१" न लिहिता दोन्ही वजनं लिहा. नंतर चूक शोधायला तेवढाच धागा असतो.

वजन स्थिर झालं आणि तरीही शंभराच्या वर? मग वाळवून जाणारं नाही असं काहीतरी आत आहे: धुऊन न निघालेलं मीठ, ओलावा शोषायला घातलेल्या ड्रायिंग एजंटची भुकटी किंवा न बदललेला सुरुवातीचा पदार्थ. अ‍ॅस्पिरिनचे चार कण पाण्या-अल्कोहोलमध्ये घेऊन फेरिक क्लोराइडचा थेंब टाका. जांभळा रंग आला की सॅलिसिलिक अ‍ॅसिड शिल्लक आहे. मेल्टिंग पॉइंट घ्या. शुद्ध अ‍ॅस्पिरिन १३५ अंशांच्या आसपास वितळतं. तुमचं १२२ ला मऊ पडून १३० पर्यंत रेंगाळत असेल, तर ८८ टक्क्यांतलं बरंचसं यील्ड अ‍ॅस्पिरिनचं नाहीच. म्हणून जर्नलमध्ये क्रूडचं (शुद्ध न केलेल्या पदार्थाचं) यील्ड आणि रीक्रिस्टलायझेशननंतरचं (विरघळवून पुन्हा स्फटिक करून शुद्ध केल्यानंतरचं) यील्ड मी वेगवेगळं लिहायला लावतो, शेजारी मेल्टिंग पॉइंटसकट.

आणि कमी आलं तर?

फिल्ट्रेट (गाळून खाली आलेलं द्रावण) फेकू नका. शेवटचं वजन जर्नलमध्ये उतरेपर्यंत एकही बीकर सिंकमध्ये रिकामं करायचं नाही. हरवलेला पदार्थ बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो. अ‍ॅस्पिरिन खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात ०.३ ग्रॅमच्या आसपास विरघळतं. स्वच्छ व्हावं म्हणून साध्या पाण्याच्या ६० मिलीने धुतलं की दोन दशांश ग्रॅमपर्यंत वाहून जातं, म्हणजे सात टक्के. बर्फात ठेवलेलं पाणी, तेही चार-पाच मिलीच्या दोन खेपा, एवढं पुरतं. फ्लास्कला चिकटलेले स्फटिक उतरवायला नवं पाणी घेण्याऐवजी गाळून आलेलं थंड फिल्ट्रेटच पुन्हा फिरवा. ते आधीच संपृक्त असतं, आणखी काही विरघळवत नाही.

काही वेळा हात चुकलेला नसतो, क्रियाच अर्ध्यावर थांबलेली असते. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि इथेनॉल समान मोल घेऊन एस्टर केला तर समतोल स्थिरांक ४ च्या आसपास असल्याने साधारण ६७ टक्क्यांवर गाडी थांबते. थिअरॉटिकल यील्डला समतोल कळत नाही, ते सगळं संपलं असं धरून चालतं. तिथे ६० टक्के म्हणजे चांगलं काम. वाढवायचं असेल तर एक पदार्थ जास्त घ्या किंवा तयार होणारं पाणी काढत राहा.

दोन-तीन पायऱ्यांची सिंथेसिस असेल तर एकूण यील्ड म्हणजे सरासरी नाही. ८०, ७५ आणि ६० टक्क्यांची सरासरी जवळजवळ ७२ येते. खरं एकूण यील्ड ०.८० × ०.७५ × ०.६० म्हणजे ३६ टक्के.

आणि फार थोड्या प्रमाणावर काम करत असाल तर तराजूची मर्यादा ध्यानात घ्या. प्रॉडक्ट ५० मिलिग्रॅम आणि तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवणारा असेल, तर एका अंकाची हालचाल म्हणजे यील्डमध्ये पाचवा हिस्सा इकडे किंवा तिकडे. तिथे १०४ आणि ९१ यांत फरक शोधण्यात अर्थ नाही.

लाल रेघावालीने नंतर रीक्रिस्टलायझेशन केलं. १.८३ ग्रॅम, ७० टक्के, मेल्टिंग पॉइंट १३४ ते १३५. "सर, बाकीचं ०.४८ कुठे गेलं?" तिने बीकर जपून ठेवलं होतं. ते रात्रभर बर्फात ठेवलं आणि सकाळी गाळलं. वाळल्यावर आणखी ०.१९ ग्रॅम हाती आलं, पण ते वितळलं १२८ ते १३२ ला. १.८३ मध्ये मिळवून ७७ टक्के लिहू का, असं तिने विचारलं. मी मेल्टिंग पॉइंटच्या आकड्यावर बोट ठेवलं. तिने ०.१९ खालच्या ओळीत वेगळं लिहिलं, पुढे "दुसरं पीक, अशुद्ध" अशी नोंद केली आणि वरचे ७० तसेच राहू दिले.